घराणं नसलेला खाँसाहेब

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन जवळ असू द्या, मध्येमध्ये लागतील.)



आज सुरुवात एका लग्नापासून. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं, शिरूर तालुक्यात, न्हावरा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. सकाळी गणपतीपूजनाच्या वेळी साउंडवाल्यानं ‘प्रथम तुला वंदितो’ लावलं. मग हळद, अक्षता, पंगती, मानपान, फोटो, जे असतं ते सगळं झालं. संध्याकाळी पाठवणीची वेळ आली आणि त्याच साउंडवाल्यानं ‘दाटून कंठ येतो’ लावलं. आमचे मामा म्हणजे बाजार समितीत व्यापाऱ्याशी भाव करताना आवाज न चढवणारा, घरात कुणी गेलं तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारा माणूस. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि पहिल्या कडव्यालाच ढसाढसा रडायला लागले.

माझ्या शेजारी दहावीतला चुलतभाऊ उभा होता. हळूच म्हणाला, “दादा, हे कोण गातंय?”

म्हटलं, “वसंतराव देशपांडे.”

“म्हणजे कट्यारवाले?”

“हो. मूळ कट्यारवाले.”

“आणि सकाळी गणपतीचं गाणं होतं ते?”

“त्यातही तेच. त्यांच्याबरोबर अनुराधा पौडवाल.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोक्यात हे तीन वेगवेगळे लोक होते. खरं सांगतो, बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात ते तीन वेगवेगळेच लोक होते.

तर आजचा भाग वसंतराव देशपांड्यांवर. पण त्याआधी एक कबुली द्यायचीय.

माझी चूक

काही महिन्यांपूर्वी आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. मुलगा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, गावातल्या भजनी मंडळात गातो, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. त्यानं विचारलं होतं, “दादा, नोकरी सोडून पूर्णवेळ गाणं करू का?” मी तेव्हा एका भागाच्या शेवटी मोठ्या आवेशात उत्तर दिलं होतं, की वसंतरावांकडे बघ, मिलिटरी अकाउंट्समधली कारकुनी सोडली म्हणून महाराष्ट्राला एवढा मोठा गायक मिळाला.

ऐकायला भारी वाटतं. टाळ्या पडतात. पण ते अर्धंच खरं होतं, आणि अर्धं खरं सांगून कुणाला नोकरी सोडायला लावणं हे काही बरं नाही. त्यानंतर मी वसंतरावांचं आयुष्य नीट तारखा लावून वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. आजचा भाग म्हणजे त्या मुलाला दिलेलं नवं उत्तर समजा.

मूर्तिजापूर, नागपूर, लाहोर

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईनं त्यांना एकटीनं वाढवलं, नागपुरात. वडील आयुष्यात नव्हते म्हटलं तरी चालेल. १९२० च्या दशकात एका बाईनं नवऱ्यापासून वेगळं राहून मुलाला वाढवायचं आणि वर त्याला गाणं शिकवायचं, हे किती अवघड असेल याचा अंदाज तुम्हीच करा. गाणं हा काही तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात पोटापाण्याचा धंदा मानला जात नव्हता.

नागपुरात ते शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. हे सप्रे गुरुजी विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले. याच सप्रे गुरुजींकडे आणखी एक मुलगा शिकला, रामचंद्र चितळकर, म्हणजे पुढचे संगीतकार सी. रामचंद्र. एकाच गुरूकडून निघालेले दोन विद्यार्थी, एक हिंदी सिनेमाचा बादशहा झाला आणि दुसरा आपला आजचा नायक.

भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या १९३५ च्या बोलपटात वसंतरावांनी कृष्णाचं काम केलं. म्हणजे अभिनय आणि गाणं हे दोन्ही पहिल्यापासून एकत्रच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग लाहोर. फाळणीच्या आधीचं लाहोर हे गाण्याचं मोठं केंद्र होतं, पंजाबातल्या उस्तादांचं शहर. तिथं वसंतराव असद अली खाँ या पतियाळा घराण्याच्या उस्तादांकडे शिकले. त्या शिक्षणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. उस्तादांनी त्यांना कितीतरी महिने एकच राग शिकवला, मारवा. फक्त मारवा. आणि मग सांगितलं, जा आता, तुला सगळं गाता येईल.

आता मारवा म्हणजे काय, हे ज्यांनी गाणं शिकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांत सांगतो. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. त्यात पंचम नाहीच. आणि ज्या ‘सा’वर कुठलंही गाणं येऊन विसावतं, त्या ‘सा’लाही मारव्यात फार टेकायचं नसतं. म्हणजे घरात बसायला खुर्ची आहे, पण बसायचं नाही, तिच्या आजूबाजूनं फिरत राहायचं. म्हणून मारवा ऐकताना एक हुरहूर लागते, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. असा राग महिनोन्महिने घोटायचा म्हणजे स्वर कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे शिकणं. आधाराशिवाय तोल सांभाळायची सवय होणं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण वसंतराव पुढे सगळं गायले, ख्याल, ठुमरी, दादरा, गझल, नाट्यगीत, भावगीत, सिनेमाचं गाणं. आपण आज म्हणू, वा, काय व्हर्सटाइल माणूस. पण त्या ‘सगळं’च्या आधी एका रागात बुडून काढलेले ते महिने आहेत. आजकाल तीस सेकंदांच्या रीलमध्ये ख्याल, रॅप आणि कव्वाली एकत्र करणारे खूप दिसतात. त्यातले काही खरंच चांगले असतात. पण ऐकताना लगेच कळतं, कुणी मारवा घोटलाय आणि कुणी नुसतं चाखलंय.

घराणं म्हणजे नक्की काय

शास्त्रीय संगीतात घराणं म्हणजे गुरूकडून शिष्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाण्याची रीत. नावं बहुतेक गावांवरून पडली: ग्वाल्हेर, किराणा, आग्रा, पतियाळा. भेंडीबाजार तर मुंबईतली वस्ती. प्रत्येकाची खासियत वेगळी. किराणा म्हटलं की एकेका स्वरात बुडणं, सावकाश बढत. ग्वाल्हेर म्हटलं की मोकळा आवाज, बंदिशीची स्वच्छ मांडणी. पतियाळा म्हटलं की वेगवान, चक्रावून टाकणाऱ्या ताना. भेंडीबाजार म्हटलं की स्वरांची गणिती मांडणी, सरगम.

आमच्या धंद्यात एका फ्रेमवर्कमध्ये दहा वर्षं काम केलेला माणूस असतो ना, डोळे मिटून कोड लिहितो, पण दुसऱ्या फ्रेमवर्कचं नाव काढलं की नाक मुरडतो. घराण्यांचंही थोडंसं तसंच होतं. एका घराण्याची तालीम घेतली की शिस्त यायची, खोली यायची. त्याबरोबर कधीकधी अहंकारही यायचा. आपलंच गाणं खरं, बाकीचं भेसळ.

वसंतरावांनी काय केलं? ते पुण्यात आले. किराणा घराण्याच्या सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकले. सुरेशबाबू म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, हिराबाई बडोदेकरांचे बंधू. भेंडीबाजारच्या अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर यांच्याकडून घेतलं. ग्वाल्हेरच्या रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून घेतलं. आणि या सगळ्यांच्या वर त्यांच्या गळ्यावर सावली होती मास्टर दीनानाथ मंगेशकरांची. हो, लतादीदी आणि आशाताईंचे वडील. दीनानाथांची नाट्यगीतं ऐकलीत तर त्यांची ती अचानक झेप घेणारी, धारदार, पंजाबी वळणाची तान कानात राहते. १९४२ मध्ये दीनानाथ पुण्यात गेले, तेव्हा ते जेमतेम एकेचाळीस वर्षांचे होते. ती गायकी पुढे ज्याच्या गळ्यात जिवंत राहिली, तो गळा वसंतरावांचा, असं जाणकार मानतात.

आता एवढ्या सगळ्यांकडून शिकलेल्या माणसाला कुठल्या घराण्यात बसवायचं? बसत नव्हता. आणि त्या काळात ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती, ती तक्रार होती. मैफलीचं जग विचारायचं, तुमचं घराणं कोणतं? वसंतराव म्हणायचे, आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं. आज हे वाक्य टी-शर्टवर छापावं असं वाटतं. तेव्हा ते बोलायला जिगर लागत होती, आणि त्याची किंमतही मोजावी लागत होती.

कारकून

ती किंमत म्हणजे ओळख मिळायला लागलेला उशीर. आणि त्या सगळ्या उशिराच्या काळात वसंतराव नोकरी करत होते. पुण्यात, मिलिटरी अकाउंट्समध्ये. चाळीसच्या दशकात लागलेली ही नोकरी त्यांनी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत केली. वीसहून अधिक वर्षं!

माझी चूक इथंच झाली होती. मी समजत होतो की नोकरी हा गाण्यातला अडथळा होता आणि तो दूर केला की गाणं सुरू झालं. पण तारखा नीट लावून बघा. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले. अमान अली खाँही १९५३ मध्येच गेले. वझेबुवा तर १९४५ मध्येच गेले होते. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या या गुरूंकडून त्यांनी जे काही घेतलं, ते नोकरीच्याच काळात किंवा तिच्या आगेमागे. दिवसा हिशेबाचे कागद, संध्याकाळी आणि रात्री गाणं.

याच काळात पु. ल. देशपांडे यांच्याशी घट्ट मैत्री. पु. ल. पेटीवर आणि वसंतराव तबल्यावर, अशाही त्यांच्या बैठका रंगत. हो, वसंतराव तबलाही उत्तम वाजवायचे, त्यामुळे लयीशी ते मांजरानं उंदराशी खेळावं तसे खेळायचे. समेवर येतायत, येतायत, असं वाटायचं आणि भलतीकडूनच यायचे. १९५३ मध्ये पु. लं.चा ‘गुळाचा गणपती’ आला. त्यात भीमसेन जोशींनी ‘इंद्रायणी काठी’ गायलं आणि त्याच चित्रपटात वसंतरावांचाही आवाज आहे. दोघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे. भीमसेनजी पूर्णवेळ गवई, वसंतराव कारकून.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे आयुष्य ओळखीचं वाटेल. मी खराडीला एका कंपनीत कोड लिहितो, हडपसरला दौंडची लोकल पकडतो आणि रात्री दहानंतर गादीवर पांघरूण डोक्यावर घेऊन हा पॉडकास्ट रेकॉर्ड करतो, कारण आमच्या घरामागून मालगाड्या जातात. मी काही वसंतराव नाही, गैरसमज नको. शाळेत असताना गाण्याचा क्लास लावला होता, दहावीच्या वर्षी सोडला तो सोडलाच. “परीक्षा झाली की परत सुरू करू.” त्या परीक्षा अजून चालूच आहेत. पण म्हणूनच मला त्या वीस वर्षांचं जास्त कुतूहल आहे. सोडल्यानंतर काय झालं, ते सगळ्यांना माहीत असतं. सोडण्याआधीच्या हजारो संध्याकाळी माणूस काय करत होता, ते कुणी विचारत नाही.

२०२२ मध्ये निपुण धर्माधिकारींचा ‘मी वसंतराव’ आला. त्यात वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीच केली आणि त्यातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या सिनेमात नोकरीतली घुसमट छान दाखवलीय, दूर ईशान्येला नेफात झालेली बदलीसुद्धा. बघितला नसेल तर जरूर बघा. फक्त माझ्यासारखा चुकीचा धडा घेऊ नका. नोकरीनं त्यांचा वेळ खाल्ला, हे खरं. पण आई, बायको, मुलं, घर हे सगळं त्या पगारावर चाललं, हेही खरं. आणि त्या पगारामुळेच त्यांना कुणा एका घराण्याच्या, कुणा एका नाटक कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावं लागलं नाही, हे माझं मत. मत म्हणून ऐका.

कट्यार

आता थोडं मागे जाऊ, म्हणजे कट्यारचं महत्त्व कळेल.

मराठी संगीत नाटकाची सुरुवात धरतात ती ३१ ऑक्टोबर १८८० पासून. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यातली गाणी कुठून आली? कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लावणीच्या चालींतून, थोडी कर्नाटकातून. पुढे १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीची वळणं आणली, १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. म्हणजे ज्याला आपण आज शुद्ध, पारंपरिक नाट्यसंगीत म्हणतो, ते जन्मापासूनच मिश्र आहे. वसंतराव नाट्यसंगीतावर बोलायचे, गाऊन उदाहरणं द्यायचे, आणि हा सगळा प्रवास त्यांना गळ्यानं पाठ होता.

तिसच्या दशकात बोलपट आले आणि नाटक कंपन्या बसल्या. साठच्या दशकात मात्र पुन्हा एक लाट आली. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ आलं, संगीत जितेंद्र अभिषेकी, मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. आणि २४ डिसेंबर १९६७ ला नाट्यसंपदा या संस्थेनं ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग केला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पुन्हा अभिषेकीबुवांचं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वय वर्षं सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस! अठ्ठाविसाव्या वर्षी “आपलं वय निघून गेलं” म्हणणाऱ्या आपल्या पिढीनं हा आकडा मोबाइलच्या वॉलपेपरवर लावावा.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर थोडक्यात. एका संस्थानात राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ असतो. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्यात गाण्याची चढाओढ. पंडितजींचा चाहता सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत वेष बदलून राहतो आणि चोरून गाणं शिकतो. खाँसाहेबांना आपलं घराणं, आपली विद्या बाहेरच्याला द्यायची नाही. पंडितजी होते भार्गवराम आचरेकर, सदाशिव झाले प्रसाद सावकार, खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या फैय्याज.

आता गंमत बघा. घराण्याच्या अभिमानानं आंधळा झालेला, दुसऱ्याला शिकवायला नकार देणारा माणूस रंगमंचावर कुणी उभा केला? तर ज्यानं दार दिसेल तिथं जाऊन शिकून घेतलं, ज्याला कुठलंच घराणं आपला म्हणत नव्हतं, त्या माणसानं. आणि असा उभा केला, की पुढची कित्येक वर्षं लोकांना खाँसाहेब म्हटलं की वसंतरावच दिसायचे.

हे नुसत्या अभिनयानं झालं नसतं. इथं हेडफोन लावा. ‘घेई छंद मकरंद’ हे गाणं नाटकात दोन वेगळ्या चालींत आहे. पंडितजींचं शांत, रेखीव, शब्दाला जपणारं. खाँसाहेबांचं ते उसळणारं, तानांचा पाऊस पाडणारं, सालगवराळी रागातलं. सालगवराळी हा मुळात दक्षिणेकडून आलेला राग, म्हणजे तिथंही सीमा ओलांडलेलीच. शब्द तेच, पण दोन माणसं, दोन स्वभाव, दोन जगं. अभिषेकीबुवांनी चालीतच भांडण रचून ठेवलं होतं, आणि खाँसाहेबांची बाजू मांडायला त्यांना असा गळा हवा होता ज्यात लाहोर असेल, दीनानाथ असतील आणि मराठी शब्दाची जाणही असेल. ज्या गोष्टीबद्दल वसंतरावांना वीस वर्षं ऐकून घ्यावं लागलं, ती सगळी सरमिसळ नेमकी तिथं कामाला आली. एका घराण्याचा माणूस असता, तर हा खाँसाहेब उभा राहिला असता का? मला नाही वाटत.

तुमच्यापैकी बहुतेकांनी २०१५ चा सिनेमा बघितलाय, सुबोध भावेंचा. त्यात खाँसाहेब पडद्यावर सचिन पिळगांवकर आणि आवाज राहुल देशपांड्यांचा, म्हणजे नातवाचा. हे सचिन नाव लक्षात ठेवा, कारण आता आपण आपल्या तालुक्यांत परत येतोय.

रांजणगाव ते सिद्धटेक

आमचं घर दौंडला, आजोळ शिरूर तालुक्यात. पाटसवरून चौफुला, तिथून पारगावला भीमा ओलांडून न्हावरा, हा लहानपणापासूनचा रस्ता. या एका रस्त्यावर महाराष्ट्राचं अख्खं संगीत सापडतं. चौफुल्याला लावणीची कला केंद्रं. गावागावात सप्त्याचे मांडव आणि काकडा. पुढे रांजणगावचा महागणपती. आणि दौंडहून उलट्या दिशेला शिरापूर, भीमेपलीकडे सिद्धटेक. लहानपणी आजोबा नावेतून पलीकडे घेऊन जायचे, आता पूल झालाय. अष्टविनायकांतले दोन गणपती आमच्या दोन्ही अंगांना.

१९७९ मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘अष्टविनायक’ आला. नायक सचिन. संगीत अनिल-अरुण यांचं. आणि वसंतराव त्यात गायले, पडद्यावरही दिसले. ‘प्रथम तुला वंदितो’ आणि ‘दाटून कंठ येतो’ ही दोन्ही गाणी याच चित्रपटातली. म्हणजे कट्यारनंतर बारा वर्षांनी, मैफलीचे नामांकित गवई झाल्यावर, ते एका देवाच्या सिनेमात गात होते. यात काही उतरणं आहे, असं त्यांना वाटलं नाही. आणि छत्तीस वर्षांनी त्याच सिनेमाचा नायक त्यांचाच खाँसाहेब झाला.

‘दाटून कंठ येतो’ आता नीट ऐका. पाठवणीचं गाणं आहे, बाप गातोय. वसंतरावांच्या गळ्यात खाँसाहेबांच्या त्या सगळ्या ताना तयार आहेत, विजेसारख्या. पण त्यांनी त्या इथं आणलेल्या नाहीत. लेक निघालेली असताना बाप तान घेत नाही, हे त्यांना कळत होतं. जे येतं ते न वापरणं, हे मला मारव्यात ‘सा’वर न टेकण्यासारखंच वाटतं. तसंच ‘बगळ्यांची माळ फुले’ ऐका, वा. रा. कांतांची कविता, श्रीनिवास खळ्यांची चाल. ‘कुणी जाल का, सांगाल का’ ऐका, कवी अनिल आणि यशवंत देव. प्रत्येक ठिकाणी आवाज तोच, पण माणूस त्या गाण्याच्या घरात त्या घराच्या रीतीनं वागतोय. चपला बाहेर काढून आत येतोय.

म्हणून मला वाटतं, त्यांना ‘सगळ्या प्रकारांत गाणारा’ म्हणणं अपुरं आहे. त्यांनी हे प्रकार एकमेकांत कालवले नाहीत. त्यांनी कुठल्याच प्रकाराला हलकं मानलं नाही. ख्याल वरचा आणि सिनेमाचं गाणं खालचं, ही उतरंडच त्यांच्या कानात नव्हती. रांजणगावच्या देवळात लागणारं गाणं त्यांनी मैफलीतल्या ख्यालाइतक्याच तयारीनं गायलं. म्हणून तर आमच्या मामांसारखा माणूस, ज्याला राग-ताल काही कळत नाही, तो त्या खांबाला धरून रडला.

१९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ ला, पुण्यात ते गेले. वय त्रेसष्ट. खऱ्या अर्थानं सगळ्यांना माहीत झाल्यावर त्यांना जेमतेम पंधरा-सोळा वर्षं मिळाली. आज नागपुरात त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. आणि आपल्याकडच्या प्रत्येक मंगल कार्यालयात त्यांचा आवाज आहे, फक्त खाली नाव लिहिलेलं नसतं.

तर मित्रा

आता तुला, एमआयडीसीतल्या मित्रा. मागच्या वेळी मी म्हणालो होतो नोकरी सोड. ते मागे घेतो. सोडू नको, असंही म्हणत नाही, तो अधिकार मला नाही. तुझ्या घरचा हप्ता मी भरणार नाहीये.

मी फक्त एवढंच विचारीन: शिफ्ट सुटल्यावर तू काय करतोस? एखादा राग असा आहे का, जो तू महिनोन्‌महिने घोटलायस? तालुक्यात, पुण्यात कुणी शिकवणारं आहे का, ज्याच्या दारात जायला तुला लाज वाटत नाही, मग तो तुझ्या आवडीचं गाणं गात असो वा नसो? आणि भजनी मंडळात गाताना तू त्याला हलकं तर समजत नाहीस ना? याची उत्तरं नीट असतील, तर नोकरीचा प्रश्न एक दिवस आपोआप समोर येऊन उभा राहील. वसंतरावांच्या समोर तो वीस वर्षांनी आला, आणि तोवर त्यांच्याकडे सोडून जाण्यासारखी नोकरी होती तसं जाण्यासारखं ठिकाणही तयार होतं.

आणि हो, हे मी स्वतःलाही सांगतोय. लग्नाहून आल्यावर त्या चुलतभावाला मी कट्यारची जुनी रेकॉर्डिंग पाठवली. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला, “दादा, मारवा कुठला ऐकू?” मी पाठवला, आणि म्हटलं आपणही ऐकू. गाडी उरुळी सोडून यवतकडे निघाली होती, बाहेर उसाच्या शेतांमागे सूर्य टेकला होता, डब्यात भेळवाला ओरडत होता आणि कानात वसंतराव ‘सा’च्या आसपास फिरत होते, बसत नव्हते. पाटस कधी गेलं कळलं नाही.

गेल्या महिन्यापासून मी दर रविवारी परत गाणं शिकायला जातो. वर्गात माझ्या शेजारी बसतात ती सगळी चौथी-पाचवीतली पोरं आहेत. ती मला काका म्हणतात. चालायचंच.

आजच्यासाठी एवढंच. घरी जाऊन तीन गाणी ऐका: खाँसाहेबांचं ‘घेई छंद मकरंद’, ‘बगळ्यांची माळ फुले’ आणि ‘दाटून कंठ येतो’. याच क्रमानं. आणि मग घरातल्या कुणालातरी विचारा, ही तीन गाणी किती लोकांनी गायलीत. काय उत्तर येतं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.